भांडण मिटवू नको

मी पिशवी खिडकीतून बसच्या शेवटच्या बाकावर टाकली आणि ती तशीच्या तशी परत बाहेर आली. पिशवीत आईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, घरची संत्री होती. सगळं माझ्या पायाशी येऊन आपटलं. मी वर पाहिलं तर खिडकीत पद्मजा कोमावार. मान बाहेर काढून तिनं अगदी मध घातल्यासारख्या आवाजात विचारलं, "कोणाची गं ही पिशवी? पडली वाटतं."

नीट उजाडलंही नव्हतं अजून. अमरावतीची जानेवारीतली थंडी, मुलींच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली लाल बस, स्वेटर-मफलरमध्ये गुंडाळलेल्या आम्ही सातवी 'ब'च्या मुली, आणि गळ्यात शिट्टी अडकवून सारखी डोकी मोजणाऱ्या आमच्या वर्गशिक्षिका खापरे बाई. सहल चिखलदऱ्याला निघाली होती. बसमधला शेवटचा लांब बाक ज्या मुलींना मिळतो, त्यांची वर्गात चालते, हे काही मी सांगायला नको. तो बाक मिळावा म्हणून मी अंघोळीला फाटा देऊन आले होते. पद्मजा माझ्याही आधी आलेली. तिनं तर दातही घासले नव्हते, हे मला पुढं तिनंच सांगितलं.

त्या जूनपर्यंत वर्गात फक्त माझी चालायची. मी हेमलता इंगोले, सगळ्यांची हेमी. मी उंच होते, पाठांतर पक्कं होतं, आणि कोणाला कुठल्या नावानं चिडवायचं ते माझ्याकडून ठरून जायचं. मी रिबिनीची फुलं कानामागं बांधली की आठवड्याभरात सगळ्या वर्गाची फुलं कानामागं सरकायची. मी डब्यात लोणचं आणणं सोडलं तेव्हा घरोघरी मुली आयांशी लोणच्यावरून भांडल्या. माझ्या शेजारी कायम वंदना ढोके. गोल चेहऱ्याची, घाऱ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. पहिलीत बाईंनी आम्हाला एका बाकावर बसवलं ते बसवलं. मी बोलायची, ती मान हलवायची. माझ्या मते आमचं छान चाललं होतं.

जूनमध्ये पद्मजा आली. वडील बँकेत, बदली होऊन आलेले. तिचा बॉबकट होता, म्हणजे रिबिनीचा प्रश्नच मिटला. दोन बोटं तोंडात घालून ती शिट्टी मारायची, आणि खापरे बाईंची नक्कल अशी करायची, की एकदा बाहेरून जाणारा शिपाई "आलो बाई" म्हणत वर्गात शिरला. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या मनानं तिला माझ्या गटात घ्यायची तयारी दाखवली. ती म्हणाली, माझा स्वतःचा गट असतो. मी विचारलं, कुठं आहे? ती म्हणाली, होईल नं.

आणि झाला. दसऱ्यापर्यंत अर्धा वर्ग तिकडं गेला. केस कापायची साथच आली. एक मुलगी आईच्या शिवणाच्या कात्रीनं स्वतःच कापून आली, तर तिला महिनाभर टोपी घालून बसावं लागलं. मग पाण्याचे नळ वाटले गेले, फाटकाजवळचा त्यांचा, विहिरीजवळचा आमचा. दोघी चुलत बहिणी एकाच घरातून एकाच सायकलवर डबल सीट यायच्या, त्याही फाटकापाशी उतरून दोन दिशांना तोंडं करायच्या. भांडायला कारण लागायचं नाही. फळा कोणी पुसायचा, गॅदरिंगच्या नाचात मधोमध कोण, कबड्डीत कोणाचा दम आधी सुटला, काहीही चालायचं. खरं सांगायचं तर त्याआधी शाळेत मला इतकी मजा कधी आली नव्हती. सकाळी जाग आली की आधी पद्मजा आठवायची, आणि आज तिला काय ऐकवायचं ते तोंड धुता धुता ठरायचं.

तर मी पुऱ्या झटकून पिशवीत भरल्या आणि तणतणत बसमध्ये चढले. खापरे बाईंनी निवाडा केला, अर्धा बाक इंगोलेचा, अर्धा कोमावारचा, आणि आता आवाज आला तर दोघींना खाली उतरवीन. मी माझ्या अर्ध्या बाकाची खिडकी पकडली आणि वंदनासाठी शेजारी रुमाल टाकून ठेवला. वंदना चढली, हळूहळू मागं आली, माझ्या रुमालाकडं पाहिलं, आणि पलीकडं जाऊन पद्मजाजवळ बसली. पद्मजा सरकली आणि तिनं वंदनाला चक्क खिडकी दिली.

सगळ्या बसच्या माना मागं वळल्या.

"वंदे," मी म्हटलं, "तुझी जागा इकडं आहे."

"ती खिडकी देऊन राहिली," वंदना म्हणाली.

"म्हणून काय झालं?"

"मला बस लागते, हेमे. पहिलीपासून लागते. तू कधी खिडकी दिली नाही."

गोष्ट खरी होती. दर सहलीला वंदना ओकायची. मला वाटायचं तिची प्रकृतीच तशी आहे.

बस निघाली आणि गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. साध्या भेंड्या नव्हत्याच त्या. माझ्या पोटात वंदनाचा राग, पद्मजाच्या अंगात जिंकल्याचा जोर. समोरच्या पार्टीचं गाणं ऐकू येऊ नये म्हणून आम्ही टाळ्या वाजवायच्या, त्यांनी पत्र्यावर थाप मारायची. 'ळ' आला की बाईंकडं धाव. एकदा आम्हाला गाणं सुचेना तेव्हा मी तिथल्या तिथं रचून म्हटलं, चालसुद्धा लावली. पद्मजा ओरडली की असं गाणंच नाही. मी म्हटलं आमच्या मामाच्या गावी म्हणतात. तिनंही मग तिच्या आत्याच्या गावचं एक काढलं. अचलपूर येईपर्यंत दोन्ही पार्ट्या खऱ्या गाण्यांच्या पार पलीकडं गेल्या होत्या आणि नुसत्या मामा-आत्यांच्या गावची गाणी कोकलत होत्या. ड्रायव्हर कान चोळत होता. गप्प होती एकटी वंदना. खिडकीच्या गजाला कपाळ टेकून, डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून ती बसली होती.

परतवाड्याला बस चहासाठी थांबली. खाली टोपल्यांतून बोरं होती, चिंचा होत्या. बाईंनी बजावलं होतं की आंबट कोणी खायचं नाही, म्हणून सगळ्यांनी लपवून खाल्लं, आणि लपवायचं म्हणून भराभरा खाल्लं. तिथं बसच्या चाकाशी उभं राहून मी आणि पद्मजानं पैज लावली.

चिखलदऱ्याला पंचबोल नावाची जागा आहे. समोर दरी, दरीपलीकडं डोंगरांच्या रांगा. कड्यावर उभं राहून हाक मारली की ती पाच वेळा परत येते म्हणतात, म्हणून पंचबोल. ठरलं असं की तिथं दोघींनी एकेकदा आपापलं नाव पुकारायचं. जिचं नाव जास्त वेळा परत येईल ती जिंकली. हरणारीनं जिंकणारीला वार्षिक परीक्षेपर्यंत 'ताई' म्हणायचं, सगळ्यांसमोर, मधल्या सुट्टीतसुद्धा. पद्मजानं आणखी एक अट घातली, वंदना जिंकणारीकडं राहील. मी लगेच कबूल झाले. वंदना तिथंच उभी होती, संत्रं सोलत. तिला विचारायचं आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. तिनं एक फोड तोंडात टाकली आणि बी थुंकली.

घाटात बस वळणं घेत वर चढली तेव्हा भेंड्या पुन्हा पेटल्या. माझ्या घशात काहीतरी खरखरतंय हे मला कळत होतं, पण 'त' वर थांबायचं म्हणजे नामुष्की. शेवटच्या वळणावर मी जे गायले ते रंधा मारल्यासारखं वाटलं. पद्मजाकडून जे आलं तेही काही फार वेगळं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडं संशयानं पाहिलं आणि मग गप्प राहून आवाज साठवून ठेवला.

पंचबोलच्या कड्यावर वारा असा होता की परकर-स्वेटर सगळं फुगून मुली एकदम जाड दिसायला लागल्या. खापरे बाई मागं ड्रायव्हरशी जेवणाच्या डब्यांवरून बोलत राहिल्या होत्या. वर्ग दोन रांगांत उभा राहिला. नाणं उडवलं, पहिली पाळी माझी.

मी पुढं गेले, कठड्याला धरलं, छाती भरून वारा घेतला आणि तोंड उघडलं. बाहेर पडलं ते "हे" एवढंच, आणि तेही सायकलच्या चाकातली हवा जावी तसं. मी पुन्हा जोर केला. यावेळी हवाही निघाली नाही. समोरच्या डोंगरानं थोडी वाट पाहिली आणि सोडून दिलं.

पद्मजाच्या गटातून हसण्याचा लोट उठला. पद्मजानं मला हातानं बाजूला सारलं, दोन्ही तळवे तोंडाशी धरले, टाचा उंचावल्या आणि "प" म्हणून सुरुवात केली. अंड्यावरून उठवलेली कोंबडी जसं करते तसा एक आवाज आला. पुढचं नाव कुठंच नाही. तिनं घसा खाकरला, पाणी प्यायली, परत तळवे धरले. कोंबडीसुद्धा गेली. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या, तोंडं उघडी, आणि दोन्ही रांगा आमच्याकडं बघताहेत. अशा वेळी कोणाचं काय करायचं हे पैजेत ठरलेलंच नव्हतं.

तेवढ्यात वंदना आली. हातातली संत्र्याची सालं तिनं शेजारच्या मुलीकडं दिली, आमच्या दोघींच्या मधून वाट काढून कठड्याशी गेली, आणि आम्ही कधी न ऐकलेल्या अशा खणखणीत आवाजात तिनं हाक मारली, "वंदनाऽऽ"

आणि दरी म्हणाली, वंदना. मग पलीकडचा डोंगर म्हणाला, वंदना. मग आणखी लांबचा, मग त्याच्यामागचा. पाचवी हाक इतकी बारीक आली की आम्ही माना पुढं करून ती ऐकली. सकाळपासून न गायलेला तो घसा, आख्खाच्या आख्खा शिल्लक होता.

वंदना मागं वळली. गाल लाल, डोळे चमकत होते. "मी जिंकली," ती म्हणाली. "म्हणजे मी माझ्याकडं राहीन. अन् तुम्ही दोघी मला ताई म्हणा."

मग जे झालं त्याला काही सुमार नव्हता. दोन्ही रांगा मोडल्या. ज्या मुलीनं वर्गात कधी "हजर"सुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं तीही कठड्याला लोंबकळून स्वतःचं नाव पुकारायला लागली. शुभांगी, मंगला, रजनी, सगळी नावं एकमेकांत मिसळून दरीत गेली आणि काहीतरी भलतंच होऊन परत आली. मुली हसून हसून खाली बसल्या. आमच्या गटातली कोण आणि त्यांच्यातली कोण हे तेवढा वेळ कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मी ओरडून सगळ्यांना आवरायला गेले, पण ओरडायला होतं काय माझ्याकडं? मी पद्मजाकडं पाहिलं. तीही हात वर करकरून काहीतरी हुकूम सोडत होती आणि तोंडातून फक्त वाफ येत होती. मला हसू यायला लागलं. मी ते दाबलं.

खापरे बाई शिट्टी वाजवत धावत आल्या. आम्हा दोघींना काय झालं ते कळल्यावर त्यांनी आधी आ करायला लावून घसे पाहिले, मग बोरं खाल्ल्याबद्दल रागावल्या, मग जवळच्या हॉटेलातून मीठ घालून गरम पाणी आणून गुळण्या करायला लावल्या. शेवटी शिक्षा सांगितली. परत जाताना इंगोले आणि कोमावार पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या मागं, शेजारी शेजारी. गळ्याला मफलर. आणि घर येईपर्यंत दोघींच्या तोंडून शब्द निघता कामा नये. बाई स्वतः पलीकडच्या बाकावर आमच्याकडं तोंड करून बसल्या. आमच्या मागच्या बाकावर वंदना बसली, कारण पुढं बस कमी लागते आणि आता तिला हवी ती खिडकी मिळत होती. मागचा लांब बाक सगळ्यांना मोकळा झाला होता, आणि तिथं गाणी चालली होती, आमच्याशिवाय.

सुरुवातीला आम्ही दोघी समोर बघत बसलो. मध्ये एक वीत अंतर राखून. घाट उतरताना बस डावीकडं झुकली की मी तिच्या अंगावर, उजवीकडं झुकली की ती माझ्या. दर वेळी दोघी घाईनं सावरून पुन्हा एक वीत अंतर राखायचो.

मग खापरे बाईंना डुलकी लागली. आधी डोळे गेले. मग तोंड उघडलं. मग मान एका बाजूला कलायला लागली, कलत कलत अगदी पडणार, एवढ्यात खड्डा यायचा, आणि बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "शांत बसा." पुन्हा मान कलायची. पद्मजानं शेजारी बसल्या बसल्या आपली मान तशीच कलती केली, तोंड उघडलं, खड्ड्यासरशी दचकली, आणि आवाज न करता ओठांनी म्हणाली, शांत बसा.

माझ्या पोटातून जे हसू उसळलं ते आवाजावाटे जाऊ शकत नव्हतं. आवाज नव्हताच. ते नाकातून आलं, डोळ्यांतून आलं. मी मफलर तोंडात कोंबला. माझं ते रूप पाहून पद्मजा फुटली. आम्ही दोघी वाकून, एकमेकींचे दंड धरून, श्वास कोंडून हसत होतो, आणि थांबायला लागलो की बाई पुन्हा म्हणायच्या, शांत बसा. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, त्याला वाटलं पोरी रडताहेत. त्यानं एका हातानं मागं दोन गोळ्या दिल्या, पिपरमिंटच्या. त्यानंतर तर आम्ही बाकावरून खालीच सरकलो.

हसून झाल्यावर आम्ही तिथंच खाली, पाठ बाकाला लावून बसलो आणि गोळ्या चोखल्या. कुजबुजण्याएवढा आवाज परत आला होता. तिनं विचारलं, ते मामाच्या गावचं गाणं तूच केलं ना? मी म्हटलं हो, अन् आत्याचं? ती म्हणाली तिला आत्याच नाही. मग सगळं निघालं. गॅदरिंगला माझं घुंगरू तिनं लपवलं म्हणून मी बोंब मारली होती, पण ते माझ्याच दप्तरात होतं आणि मला माहीत होतं, हे मी सांगितलं. माझी नक्कल ती घरी आरशासमोर करते, आणि मी वर्गात शिरताना आधी माझा डावा खांदा आत येतो, हे तिनं सांगितलं. जूनपासून जिला मी क्षणभर नजरेआड होऊ दिलं नव्हतं, तिच्याबद्दल मला सगळं पाठ होतं, आणि तिला माझ्याबद्दल. ओळख करून घ्यायला काही उरलंच नव्हतं. मैत्री तेवढी व्हायची राहिली होती, ती परतवाडा येईपर्यंत झाली.

मला राहवेना. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "उद्या वर्गात सांगून टाकू, मिटलं म्हणून."

मला वाटलं ती टाळी देईल. तिनं गोळी गालात सरकवली आणि मान हलवली. "नको."

"काऊन?"

"माझ्या बाबांची बदली झाली. परीक्षा झाली की आम्ही देगलूरला जाणार." ती हळू बोलत होती, आता घशामुळं नव्हे. "कोणाला माहीत नाही. तू भांडण मिटवू नको, हेमे."

मला काही कळेना. तेव्हा तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. अमरावतीच्या आधी ती वणीला होती. तिथंही तिचा मोठा गट होता. बदलीची बातमी आली ती तिनं आनंदानं सगळ्यांना सांगून टाकली, नवं गाव मिळणार म्हणून. दुसऱ्या दिवशी लगोरीत तिची जागा दुसरीला दिली. कोणी वाईट बोललं नाही. फक्त म्हणाल्या, तू तर जाणारच आहेस. पुढचे सगळे महिने ती डबा घेऊन जिन्यात बसायची.

"इथल्या पोरी तुझ्याशी भांडण आहे म्हणून माझ्याजवळ आहेत," ती म्हणाली. "मिटलं तर त्या आपापल्या जुन्या मैत्रिणींकडं जातील. तुझ्याकडच्या मला घेतील का?"

घेतल्या नसत्या. मी त्यांना फार चांगलं तयार केलं होतं.

"परीक्षेपर्यंत भांडशील?" तिनं विचारलं. "पण चांगलं भांड. उगीच हळू हळू नको. त्यांना लगेच कळतं."

बाहेर अंधारून आलं होतं. मी तिच्या हातावर हात मारून कबूल केलं. मग दोघी वर बसलो, मध्ये पुन्हा एक वीत अंतर ठेवलं, कारण गाव जवळ आलं होतं आणि मागच्या मुली उतरायला पुढं येणार होत्या. मी सहज मागं पाहिलं. वंदना खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून जे भांडणांचं पर्व सुरू झालं तसं त्या शाळेनं आधी पाहिलं नसेल. आधीची भांडणं आपोआप व्हायची, आता ती बांधलेली असायची. पद्मजा राहायची गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिकडं वर्गातलं कोणी नव्हतं. रविवारी दुपारी आईला ग्रंथालयाचं सांगून मी तिच्या गच्चीवर जायची. तिथं शेंगदाणे खात आम्ही आठवड्याची भांडणं ठरवायचो. सोमवारी काय, कोणी सुरू करायचं, कोणत्या वाक्यावर घंटा व्हायला हवी. ती मला सांगायची की चिडल्यावर मी हात फार हलवते, त्यानं धार जाते. मी तिला नवे टोमणे पुरवायची, माझ्याच वर्मावरचे. एकदा तालीम रंगात आली असताना तिची आई धावत वर आली, दोघींना धरून वेगळं केलं आणि समजूत काढायला एकेक लाडू दिला. पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम जरा मोठ्यानं तालीम केली.

पुढं मला मैत्रिणी पुष्कळ मिळाल्या. एवढ्या मेहनतीनं माझ्याशी कोणी भांडलं नाही.

वर्ग खूश होता. दोन्ही गट टिकले. पद्मजाच्या भोवती मधल्या सुट्टीत कोंडाळं असायचं, आणि तिकडं नजर गेली की मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. वंदना दोन्हीकडं नव्हती. पंचबोलनंतर तिला सगळ्याच ताई म्हणायला लागल्या होत्या, आम्ही दोघीसुद्धा, पैजेप्रमाणे. ती दोन्ही नळांवर पाणी प्यायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे.

एप्रिल आला. शेवटचा पेपर चित्रकलेचा होता. त्यानंतर दोनच दिवसांनी कोमावारांचं सामान निघणार होतं. शेवटचं भांडण सगळ्यात मोठं व्हावं, असं पद्मजाच्या मनात होतं. ते आम्ही सायकल स्टँडवर ठेवलं. तिची सायकल माझ्या सायकलवर पडणार, तिथून सुरुवात. मध्ये शब्दाला शब्द. शेवटी मी म्हणायचं, "जिथून आली तिथं जा परत. कोणी बोलावलं होतं इथं?" हे वाक्य तिनंच मला करून दिलं होतं, आणि गच्चीवर मी ते म्हटलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. त्यावर तिनं म्हणायचं, "जाईन तर तुला विचारून जाईन का?" आणि पाय आपटत दोघींनी दोन वाटांनी निघायचं. रडगाणं नको, असं तिचं म्हणणं होतं.

ऊन कडक होतं. सायकल पडली. मुली क्षणात गोळा झाल्या, सुट्टी लागल्याच्या आनंदात होत्याच, आणखी चेव आला. पद्मजा त्या दिवशी अशी बोलली की मी दोन वेळा माझं वाक्य विसरता विसरता वाचले. दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठत होत्या. मी हात कमी हलवत होते. आणि मग माझी पाळी आली. मी कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हटलं, "जिथून आली तिथं जा परत. कोणी बोलावलं होतं इथं?"

पद्मजानं तोंड उघडलं. मी तिच्या वाक्याची वाट पाहत होते. ते आलंच नाही. तिचा खालचा ओठ हलायला लागला. तिनं तो दातांत धरला, तरी हलला.

"जातेच आहे," ती म्हणाली. फक्त मला ऐकू येईल एवढंच.

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्यांसमोर.

पद्मजा कोमावारला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या मुलींनी जो गलका केला तो बाईंच्या खोलीपर्यंत गेला असेल. मी एक पाऊल पुढं टाकलं. पद्मजानं जेमतेम दिसेल एवढी मान हलवली, नको. तिनं सायकल उचलली, मनगटानं नाक पुसलं आणि फाटकाबाहेर पडली. तिच्या दोघी-तिघी मैत्रिणी तिच्यामागं काही अंतर धावल्या.

मला काही दिसेनासं झालं होतं. शुभांगी माझ्याकडं वाकून बघायला लागली, म्हणाली, अगं, हेमीच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा कुठून तरी वंदना आली आणि माझ्यापुढं उभी राहिली, तिच्या पाठीनं सगळ्यांना आड करून.

"जिंकली नं ती," वंदना म्हणाली. "खुशीनं रडून राहिली. उचला तिला."

मुलींनी मला उचललं. खांद्यांवर घेऊन त्या मैदानाकडं निघाल्या, माझं नाव घेत. तेवढ्या उंचीवरून मला कंपाउंडच्या भिंतीपलीकडचा रस्ता दिसत होता, आणि रस्त्यानं एकटी जाणारी पद्मजाची सायकल. वळणापाशी तिनं एक पाय टेकला आणि मागं पाहिलं. खालून सगळ्या ओरडत होत्या, हात वर कर, हेमे, हात वर कर. मी दोन्ही हात वर केले, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिले.